सोनाजीकाकांची कच्ची फाइल

१८ मे २००६

कोणालाही गोरं करायचं नाही! बैठकीत दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून.

डोंगरकड्याच्या विहारात बैठक होती. यंदा चौदा ऑक्टोबरला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. छप्पन्न साली ज्यांनी दीक्षा घेतली आणि जे अजून गावात आहेत, त्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो विहाराच्या मोठ्या भिंतीवर लावायचे. त्या दिवशी होते तसे पांढऱ्या कपड्यांत. कल्पना समितीचा सचिव रत्नपाल याची. काढायचे मी. "पाईकरावबाई, तुमी हातात घेतलं तरच ते होते." खुशामत आहे, पण खोटी नाही. शाळेत विज्ञान शिकवलं तेवढी वर्षं शाळेची डार्करूमही मीच सांभाळली.

भावाचा मुलगा प्रेमानंद बैठकीला होता. कळमनुरीला बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ. म्हणाला, "आत्या, लोकायलाच गोरं पाह्यजे असते. आमी थोडंसं उजळवतो, बस."

"तू काढलेल्या लग्नाच्या अल्बमांत सगळं गाव एकाच आईच्या पोटचं दिसतं," मी म्हटलं. सगळे हसले. तो पण हसला, जरा उशिरा.

२० मे

कारण लिहून ठेवते. कोणाला सांगायचं नाही.

वडिलांचा एकच फोटो आहे. ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची. कुठल्याशा घोळक्यातला त्यांचा नखाएवढा चेहरा मोठा करून स्टुडिओवाल्याने हाताने रंगवून दिला. गाल गुलाबी. ओठ लाल. अंगात कोट — वडिलांनी आयुष्यात कोट घातला नाही! आईला तो फोटो फार आवडायचा. भिंतीवर लागला तो आजवर आहे.

आता वडील आठवायला गेले की तो कोटवाला माणूस येतो. आवाज आठवतो, हात आठवतात, चेहरा येत नाही. त्या कोटवाल्याने खाल्ला.

या भिंतीवर असं एकाचंही होऊ देणार नाही.

३ जून

प्रेमानंदच्या स्टुडिओत सकाळपासून वाद. त्याचा जुना डिजिटल कॅमेरा त्याने मला दिला आहे. त्यात दोन पद्धती. एकात कॅमेरा स्वतःच फोटो तयार करून देतो — रंग, उजेड, सगळं त्याच्या मनाने. ती जेपीजी. दुसरीत कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळं तसंच्या तसं, काहीही न शिजवता. ती रॉ. म्हणजे कच्ची. ती आधी कॉम्प्युटरवर उघडायची, रंग-उजेड आपण ठरवायचा, मग वेगळी प्रत काढायची.

प्रेमानंद जेपीजीच्या बाजूने. "एक रॉ उघडेपर्यंत च्या पिऊन होते, आत्या. हार्ड डिस्क भरून जाईल. आन् लाइट? आठ-आठ घंटे लाइट न्हाई. कव्हा करसाल तुमी हे?"

"तू फोटो दुरुस्त करून सेव्ह करतोस तेव्हा आधीचा कुठे जातो?"

"त्याच्यावरच सेव्ह होते. आधीचा काहून पाह्यजे?"

"डार्करूममध्ये प्रिंट काढून झाली की निगेटिव्ह फेकून देत होतास का?"

"तवा म्या डार्करूममधी नव्हतो, आत्या. तवा म्या शाळंत तुमचा मार खाऊन राहिलो होतो."

४ जून

रॉ. ठरलं.

११ जून

अपेक्षेप्रमाणे घात झाला, आणि बरं झालं की सरावाच्या फोटोवर झाला. आकांक्षाचा — प्रेमानंदच्या बायकोचा — एक फोटो जेपीजीत काढून दुरुस्त करत होते. सेव्ह म्हटलं आणि लाइट गेली. यूपीएसने दोनदा किंकाळी फोडली आणि तोही गेला. लाइट आल्यावर उघडलं तर हनुवटीपासून खाली आकांक्षा नाही, करड्या पट्ट्या! मूळही गेलं, दुरुस्तीही गेली.

आकांक्षा म्हणाली, "आत्या, माझं वरचं तरी राहिलं. ह्यांच्या हाताने ते पण गेलं असतं."

तेव्हा आता पद्धत अशी. गावातून आले की कार्डावरच्या कच्च्या फाइली आधी कॉम्प्युटरवर, आणि लगेच, चहाच्या आधी, दोन डीव्हीडींवर. एक माझ्या कपाटात, एक आकांक्षाच्या ट्रंकेत. डीव्हीडी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. नंतरच रंगाला हात. दुरुस्त केलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने आणि टिफमध्ये. टिफ जड असते, पण पुन्हा पुन्हा सेव्ह केली तरी झिजत नाही. कच्च्या फाइलीला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा.

प्रेमानंदने हे सगळं ऐकून हात जोडले. मी कागद त्याच्या मॉनिटरला चिकटवला.

२५ जून

डोंगरकडा. पहिला मान सोनाजीकाकांचा. ऐंशीच्या पुढचे. वडिलांचे सोबती, नागपूरला दोघं बरोबर गेले होते. विहाराच्या ओट्यावर, सावलीत बसवलं. धुतलेलं धोतर, सदरा. कॅमेऱ्याकडे असे बघत होते जसा तो काही विचारणार आहे.

मध्येच म्हणाले, "पोरी, मला गोरं नको करजो."

"नाही करणार काका."

"त्या निवडणुकीच्या कार्डावर पाह्य, कोन हाये कळत न्हाई. म्या काळा हाये तं काळाच ऱ्हाऊ दे. तुहा बाप बी असाच होता. आमा दोघायला रेल्वेत एक जण म्हने, सख्खे भाऊ का? एकाच तव्याचे होतो आमी."

मी कॅमेरा खाली केला. वडिलांचा रंग! हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तसाच होता? बराबर तुमच्यासारखा?"

"बराबर. नाक त्याचं बरं होतं. माहं असं." हसले. तेव्हाच फोटो काढला.

२ जुलै

केशरबाई. वय विचारलं तर म्हणे, "तुह्या मायच्या लग्नात म्या वाढून राहिले होते, कर हिशोब." कपाट रिकामं होईपर्यंत लुगडी बदलली — "हे पांढरं न्हाई, हे धुवट हाये. हे बी न्हाई." शेवटी सुनेचं नवीन नेसून बसली. कॅमेऱ्यासमोर एकदम शिपायासारखी ताठ.

"गये, हसू का नको?"

"नेहमी असता तशा बसा."

"नेहमी तं म्या भांडत असते."

"मग तशा."

चांगला आला आहे. भांडण चेहऱ्यावर बराबर उतरलं आहे.

९ जुलै

खरं काम आता. कच्ची फाइल उघडली की बाजूला एक पट्टी असते, रंगाच्या तापमानाची. एका टोकाला पिवळं, दुसऱ्याला निळं. ती सरकवून पांढरं पांढरं करायचं. पांढरं बसलं की बाकी सगळे रंग आपोआप जागेवर येतात, असं पुस्तकात आहे. पटण्यासारखं आहे.

प्रेमानंदने एक सोपी युक्ती दाखवली. पांढऱ्या कपड्यावर टिचकी मारायची, मशीन स्वतःच पांढरं ठरवतं. मारली. सोनाजीकाकांचं धोतर चहात बुडवल्यासारखं!

"हे पांढरं?"

"मशीन म्हनते, आत्या."

"मशीनला डोळे आहेत का?"

मुलांना आयुष्यभर हेच शिकवलं — आधी नीट बघा, मग बोला. पट्टी हाताने सरकवली, धोतर पांढरं होईपर्यंत. आकडा बराच खाली गेला. जाऊ दे. पांढरं ते पांढरंच.

१६ जुलै

हल्ली साबणात काही राम राहिलेला नाही. माझ्या दोन्ही पांढऱ्या साड्या पिवळ्या पडल्या. नीळ दुप्पट घातली तेव्हा कुठे जरा बऱ्या. आकांक्षा म्हणाली, "आत्या, नीळ थोडी जास्ती झाली का?" आजच्या मुलींनी खरं पांढरं पाहिलेलंच नाही.

समोरच्या खोलीचा चुनाही पिवळा पडला. दिवाळीला बघू.

२ ऑगस्ट

नांदेडच्या लॅबमधून पहिल्या प्रिंट आल्या. पिवळट! मी पाठवलं एक, त्यांनी काढलं भलतंच. फोन केला. तिकडचा माणूस म्हणतो, "मॅडम, जैसा भेजा वैसाच निकाला. उल्टा हमको तो..." आणि थांबला.

"हमको तो काय?"

"कुछ नहीं मॅडम. आप बोलो वैसा करते."

धंद्यात एवढी गुळमुळीत माणसं कशी चालतात? सगळ्या फाइली पुन्हा उघडल्या, पट्टी आणखी सरकवली, पुन्हा पाठवल्या. प्रेमानंद शेजारी बसून नखं बघत होता.

१९ ऑगस्ट

सोनाजीकाका गेले. झोपेतच.

२० ऑगस्ट

डोंगरकड्याला जाऊन आले. त्यांच्या घरात दुसरा फोटो नाही. निवडणुकीचं कार्ड आहे, त्यात खरंच कोण आहे ते कळत नाही. मी काढलेली प्रिंट सोबत नेली होती, तीच समोर ठेवली, तिच्यापुढेच मेणबत्ती लावली, वंदना झाली. त्यांचा मुलगा बराच वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "लई शांत दिसून राहिले बाबा."

मला ते बोलणं बरं वाटलं. शब्द दिला होता, पाळला. गोरं केलं नाही.

३ सप्टेंबर

प्रेमानंदची हार्ड डिस्क भरली. लग्नसराईच्या आधी जागा पाहिजे म्हणतो. खरं आहे त्याचं. पण उपाय काय काढला — "प्रिंटा झाल्या, भितीवर लागून राहिल्या. आता त्या कच्च्या फाइली काय कामाच्या? टिफ ठेवू, रॉ उडवू. डीव्हीडीबी कव्हा खराब होतेत, कोनाला माहीत."

"डीव्हीडी खराब होतात म्हणून त्यावरचं उडवायचं?"

"तसं न्हाई, आत्या. काम संपलं ना पन."

"काम संपलं हे कोण ठरवणार? मी उद्या मेले, आणि वीस वर्षांनी कोणाला वाटलं की त्या बाईने हे चुकीचं केलं, तर त्याला कुठून सुरुवात करता येईल?"

"तुमी चुकीचं करसाल?" तो असा हसला की मला राग आला.

हार्ड डिस्कवरून काढ म्हटलं, पण डीव्हीडींची आणखी एकेक नक्कल करून, माझ्या समोर उघडून दाखवल्यावर. दिवसभर तेच केलं. एक डीव्हीडी खरंच उघडेना! तिची ट्रंकेतली जोडीदार उघडली. नसती केली जोडी तर?

१० सप्टेंबर

केशरबाई प्रिंट बघायला कळमनुरीला आली. डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली.

"गये, ही कोन?"

"तुम्ही."

"म्या? थंडीत गारठून मेलेलं मढं दिसून राहिलं हे! माही कातडी कुठं गेली?"

प्रेमानंद एकदम मागच्या खोलीत गेला. मी केशरबाईला सांगितलं, आरशात बघायची सवय नसली की असं होतं. म्हातारपण कोणाला आवडत नाही.

"व्हय, व्हय. तू मास्तरीन, तुला समदं कळते," म्हणाली आणि माझ्या घरी जेवून गेली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, मढ्याने!

१७ सप्टेंबर

भिंत पूर्ण. सगळ्या फ्रेमा एका ओळीत, मी स्वतः दोरी लावून. बरोबर मध्ये सोनाजीकाका. रत्नपाल मागे जाऊन उभा राहिला. "रंग तं एकदम आपला झाला, बाई! समदी भीत कशी भरून आली."

कुठला रंग? पांढऱ्याला रंग नसतो. मी म्हटलं, तिसरी फ्रेम तिरकी आहे, ती बघ आधी.

उतरताना विहाराची पायरी चुकले. दिसलीच नाही. घोटा सुजला. आकांक्षा हटून बसली — डोळे दाखवायचेच. मी म्हटलं चौदा ऑक्टोबरनंतर. ती म्हणाली, "चौदा ऑक्टोबरला स्टेजवर चढताना पडल्या तर?" मुलगी बोलते कमी, पण नेमकं बोलते.

२१ सप्टेंबर

नांदेड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकला आहे. डॉक्टर तरुण, भराभर बोलणारा. मला अशी माणसं आवडतात. "मॅडम, इतके दिवस काय करत होता?"

"फोटो."

त्याने वर बघितलं. तोंड उघडलं आणि पुन्हा लिहायला लागला. हल्ली सगळेच अर्धवट थांबतात.

उजवा आधी. डावा नंतर, दोनेक महिन्यांनी.

२९ सप्टेंबर

काल झालं. आज पट्टी काढली. काळा चष्मा आठवडाभर, लिहायचं-वाचायचं नाही. म्हणून एवढंच.

६ ऑक्टोबर

आज चष्मा उतरवला.

आधी साडी दिसली. खुंटीवर माझी पांढरी साडी — फिकट निळी! आकांक्षाने बदलली असं वाटलं. हाक मारणार तेवढ्यात उजवा डोळा झाकला गेला, सहज, हात लागून. साडी पांढरी. डावा झाकला. निळी. पुन्हा उजवा. पांढरी.

खोलीभर फिरले, एकेक डोळा झाकत. चुना पांढरा आहे. पिवळा तो नव्हताच, पिवळी माझी नजर होती.

मग बसले. मग उठले. पहिल्या जीपने डोंगरकडा, प्रेमानंदला ओढून सोबत.

उजव्या डोळ्याने भिंत बघितली. सगळे निळे. केशरबाई खरोखरच गारठून मेल्यासारखी. आणि मध्ये सोनाजीकाका — ना काळे, ना गोरे. राखेच्या रंगाचे. ज्या फोटोपुढे मेणबत्ती लावली तो हा! त्यांच्या मुलाने हेच बघितलं आणि "शांत" म्हणाला.

प्रेमानंदला विचारलं, तुला दिसत होतं?

"हो."

"मग?"

"आमाला वाटलं तुमी मुद्दाम केलं, आत्या. निळा आपला रंग. पन्नास वर्षं झाले म्हनून समद्यायला निळ्या उजेडात बसवलं, असं रत्नपालबी म्हने. गावात समदे तेच म्हनून राहिले."

"विचारायचं नाही?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमाला?"



रत्नपाल आला. म्हणतो, ऱ्हाऊ द्या बाई, लोकायला लई आवडलं हाये, आठ दिवसांत काय काय करसाल? मी म्हटलं, झेंडा निळा असू दे. झेंड्याखालचा माणूस ज्याच्या त्याच्या रंगाचा पाहिजे. गावाला आवडतं म्हणूनच त्या स्टुडिओवाल्याने... ते वाक्य मी पूर्ण केलं नाही. त्यांना कळलं नसतं.

केशरबाई दारातून ओरडली, "म्या तं तवाच म्हनलं होतं! मढ्याचं कोन ऐकते?"

सगळ्या फ्रेमा उतरवल्या. प्रेमानंदला म्हटलं, आकांक्षाच्या ट्रंकेतल्या डीव्हीडी काढ. उद्यापासून तू माझ्या शेजारी बसायचं, आणि मला दिसतं त्याच्यापेक्षा तुला वेगळं दिसलं की बोलायचं. लगेच. भीत भीत बोललास तरी चालेल, पण बोलायचं.

"मारसाल न्हाई ना?"

"बघू."

७ ऑक्टोबर

सोनाजीकाकांची कच्ची फाइल उघडली. डावा डोळा हाताने झाकला. रंगाच्या पट्टीला हात लावला नाही.

तव्यासारखा काळा माणूस. गालाच्या हाडावर उन्हाची तांबूस झाक. धोतर पांढरं, काठाला जरा मळकं. हसतोय.

प्रेमानंद म्हणाला, "काय बदलायचं, आत्या?"

"काही नाही. असाच पाठव."

घरी येऊन वडिलांचा फोटो भिंतीवरून काढला. त्या कोटवाल्याला मी ओळखत नाही.